बालकाची जखम : अपघात की अत्याचार

लहान मुलाच्या अंगावरची जखम एकटी फारसे काही सांगत नाही. तिच्या शेजारी आणखी दोन गोष्टी मांडाव्या लागतात. त्या वयाचे मूल आपणहून काय काय करू शकते, ही पहिली. आणि ते कसे पडले, कसे भाजले याची घरच्यांनी दिलेली हकिकत, ही दुसरी. दोन महिन्यांचे बाळ पलंगावरून घरंगळून खाली पडले आणि मांडीचे हाड मोडले, असे सांगितले जाते तेव्हा क्ष-किरणांत फ्रॅक्चर दिसल्याने काम संपत नाही. इतके लहान बाळ घरंगळते का, आणि दीड-दोन फुटांवरून पडून ते हाड त्या पद्धतीने मोडते का, हे विचारावे लागते. वय, हकिकत आणि जखम या तिघांची सांगड बसते की नाही, हे पाहणे हाच बाल-न्यायवैद्यकाचा गाभा. सांगड बसली नाही तर संशय घ्यायचा, आणि घेतलेला संशय खोडून काढण्याचाही तेवढाच प्रामाणिक प्रयत्न करायचा.

मुंबईच्या उपनगरांत हे काम बहुतांशी अपघात विभागात, रात्रपाळीच्या डॉक्टरसमोर सुरू होते. अंधेरी-जोगेश्वरीकडची मुले कूपर रुग्णालयात येतात, घाटकोपर-विक्रोळीची राजावाडीत, मुलुंडची एम. टी. अग्रवाल रुग्णालयात, कांदिवली-बोरिवलीची शताब्दीत. त्यांतली बरीचशी आधी गल्लीतल्या डॉक्टरला दाखवून आलेली असतात, काही हाडवैद्याचा पट्टा बांधून. नव्वद टक्के काम साध्या अपघातांचे असते, असे कोणी म्हटले तर कोणी हरकत घेणार नाही. पण आकडा बाजूला ठेवला तरी मुद्दा उरतो. मुले पडतातच. पडण्याच्या या रोजच्या गर्दीत न पडलेले मूल ओळखायचे असते, म्हणून ते निसटते.

वैद्यकाला हा विषय उशिरा सुचला. पॅरिसचे न्यायवैद्यक तज्ज्ञ आंब्रुआझ तार्दिय यांनी १८६० साली पालकांकडून आणि सांभाळणाऱ्यांकडून छळ झालेल्या ३२ मुलांची प्रकरणे प्रसिद्ध केली; त्यांतली १८ दगावली होती. समकालीनांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढे १९४६ मध्ये न्यूयॉर्कचे जॉन कॅफी यांना सहा तान्ह्या बाळांत एक चमत्कारिक जोडी आढळली : मेंदूच्या आवरणाखाली साचलेले जुने रक्त, आणि हातापायांच्या लांब हाडांची मिळून २३ फ्रॅक्चर. पटेल असा अपघात कोणाच्याच हकिकतीत नव्हता. कॅफींनी निरीक्षण नोंदवले, बोट कोणाकडे दाखवले नाही. ते काम १९६२ साली डेन्व्हरच्या हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. ७१ रुग्णालयांकडून त्यांनी ३०२ मुलांची माहिती जमवली आणि ‘बॅटर्ड चाइल्ड सिंड्रोम’ हे नाव दिले. त्यानंतर पाच-सहा वर्षांत अमेरिकेतल्या सर्व राज्यांनी डॉक्टरांवर खबर देण्याची सक्ती केली.

भारतीय न्यायवैद्यकाचे जुने लक्ष वेगळ्याच ठिकाणी होते. जयसिंग मोदी यांच्या १९२० साली आलेल्या ग्रंथावर डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या घडल्या, पण त्या परंपरेत मुलाचा प्रश्न मुख्यतः नवजात अर्भकाच्या हत्येचा होता : मूल जिवंत जन्मले होते का, फुप्फुसात हवा गेली होती का. घरात वाढणारे, शाळेत जाणारे आणि मार खाणारे मूल त्यात क्वचितच दिसे. मुलाला मारणे हा शिस्तीचा भाग मानणाऱ्या समाजात हे आश्चर्याचे नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाराष्ट्रासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणे झाले आणि दर तिघांपैकी दोघांनी शारीरिक मार खाल्ल्याचे सांगितले. इतका मार असेल तर रुग्णालयाच्या नोंदींत तो इतका कमी का, हा प्रश्न अजून शिळा झालेला नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरच्या एका पाळणाघराचे सीसीटीव्ही चित्रण बाहेर आले, तेव्हा या प्रश्नाचे एक उत्तर सगळ्यांना दिसले. दहा महिन्यांच्या मुलीला सांभाळणारी बाई मारत, आपटत होती. घरच्यांना आधी दिसल्या होत्या त्या फक्त जखमा. कॅमेरा नसता तर रांगणाऱ्या मुलीच्या कपाळावरचे टेंगूळ ‘पडली असेल’ या दोन शब्दांत सहज मावले असते. या प्रकरणानंतर पाळणाघरांसाठी नियमावलीची चर्चा झाली. न्यायवैद्यकाच्या दृष्टीने मात्र धडा निराळा आहे : चित्रण नसताना, केवळ मुलाच्या शरीरावरून किती सांगता येते?

सुरुवात काळ्यानिळ्या डागांपासून होते, कारण ते सर्वांत जास्त दिसतात आणि सर्वांत जास्त दुर्लक्षिले जातात. मूल चालू-धावू लागले की नडगी, गुडघा, कपाळ, हनुवटी, कोपर येथे मुका मार लागणारच. हाड जिथे कातडीला जवळ आहे आणि शरीर जिथे पुढे झेपावते, तिथे अपघाताच्या खुणा उमटतात. रांगायच्या आधीचे बाळ स्वतःला असा मार लावून घेऊ शकत नाही. अमेरिकेत १९९९ साली ९७३ निरोगी मुलांची पाहणी झाली. सहा महिन्यांखालच्या बाळांत असे डाग एक टक्क्याहूनही कमी बाळांत सापडले. आधार धरून पावले टाकणाऱ्यांत ते १८ टक्क्यांच्या घरात गेले आणि चालणाऱ्या मुलांत निम्म्याहून अधिक. म्हणून चार महिन्यांच्या बाळाच्या गालावरचा रुपयाएवढा डाग दुखत नसला, उपचार लागत नसला तरी गंभीर मानायचा. मोठी इजा होण्याआधी अशी एखादी क्षुल्लक खूण कोणाच्या तरी नजरेस पडून गेलेली असते, हा अनुभव जगभर पुन्हा पुन्हा नोंदला गेला आहे.

जागेइतकाच आकार महत्त्वाचा. छाती-पोट-पाठ, कान, मान, गालाचा मऊ भाग, पापण्या आणि ओठ-हिरडी जोडणारी वरची पातळ घडी या अपघाताच्या नेहमीच्या जागा नव्हेत. चार वर्षांखालच्या मुलात तेथे डाग असेल, किंवा पाच महिन्यांखालच्या बाळात कोठेही असेल, तर पुढची तपासणी करावी, असा एक सुटसुटीत नियम मेरी क्लाइड पियर्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडला आणि २०२१ मध्ये वाढवून अधिक मुलांवर पडताळला. छडी किंवा लाटण्याचा वळ दोन समांतर लाल रेषांचा उमटतो, मधली पट्टी फिकी राहते. रक्त दाबाने दोन्ही कडांना ढकलले जाते. चार्जरची वायर दुमडून मारली तर फासाच्या आकाराची खूण राहते. थपडेत बोटांच्या मधल्या जागा दिसतात. माणसाच्या चाव्यात दोन सुळ्यांमधले अंतर तीन सेंटीमीटरहून जास्त असेल तर चावा बहुधा मोठ्या माणसाचा, भावंडाचा नव्हे. अशा चाव्यावरून पाणी फिरवण्याआधी लाळेचा नमुना घेऊन कलिनाच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडे पाठवायचा असतो. जखम धुऊन स्वच्छ करण्याची परिचारिकेची चांगली सवय इथे पुरावा पुसून टाकते.

डागाच्या रंगावरून ‘ही जखम तीन दिवसांची, ती सात दिवसांची’ असे सांगण्याची पद्धत पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ होती आणि न्यायालयांत अजून ऐकू येते. तिला आधार फार थोडा. पिवळी छटा १८ तासांच्या आत सहसा येत नाही, एवढेच खात्रीने म्हणता येते. एकाच वेळी झालेले दोन डाग दोन रंगांचे दिसू शकतात. सावळ्या कातडीवर तर रंगाचे वाचन आणखी डळमळते. तज्ज्ञ साक्षीदाराने इथे हात आखडता घ्यावा हे बरे.

पडण्याच्या हकिकतींना मुंबईत घराच्या रचनेचा संदर्भ असतो, आणि परदेशी पुस्तकांत तो सापडत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पोटमाळा असतो, त्याला उभी लोखंडी शिडी असते. चाळीचे जिने अंधारे, पायऱ्या झिजलेल्या. इमारतींत खिडकीला बाहेर काढलेल्या ग्रिलवर मूल बसते. संक्रांतीला पोरे पतंगामागे गच्चीवर धावतात. तान्हे बाळ साडीच्या झोळीत असते, झोका देणारी बहीण सहा वर्षांची. हे सगळे खरे अपघात घडवते, म्हणून ‘पोटमाळ्यावरून पडला’ ही हकिकत ऐकूनच शंका घेणे चूक. घर न पाहता ती मान्य करणेही तितकेच चूक. पंचनाम्यात शिडीची उंची, खालची जमीन लादीची की मातीची, मध्ये काही आपटण्यासारखे होते का, हे मोजून लिहिले असेल तर डॉक्टरच्या मताला पाया मिळतो. बहुतेक पंचनाम्यांत जागेचे वर्णन पत्त्यापलीकडे फारसे जात नाही.

उंचीचा हिशेब का लागतो? पलंग, सोफा, कडेवरून, म्हणजे साधारण पाच फुटांच्या आतून पडलेल्या मुलांत टेंगूळ, खरचटणे, फार तर गळ्याजवळच्या हाडाचे किंवा कवटीचे साधे, सरळ रेषेतले फ्रॅक्चर होते. डेव्हिड चॅडविक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध माहिती एकत्र करून काढलेला अंदाज असा, की दीड मीटरहून कमी उंचीवरून पडून लहान मूल दगावण्याचे प्रमाण दर दहा लाख मुलांमागे वर्षाला अर्ध्याहूनही कमी आहे. ते शून्य नाही, हे बचाव पक्षाचा वकील मांडील आणि मांडायलाच हवे. पण पलंगावरून पडून मेंदूत पसरलेला रक्तस्राव, जोडीला बरगड्या मोडलेल्या आणि अंगावर निरनिराळ्या वेळच्या खुणा, या सगळ्यांचे ओझे ती दुर्मीळ शक्यता पेलू शकत नाही.

भाजलेल्या मुलांत स्वयंपाकघर आणि मोरी या दोन जागांची गाठ पडते. ओट्यावरचे पातेले ओढणाऱ्या मुलाच्या अंगावर चहा किंवा डाळ वरून येते. चेहरा, खांदा, छाती आधी भाजते, द्रव खाली ओघळताना थंड होत जातो, त्यामुळे भाजलेला भाग खाली निमुळता आणि उथळ होतो. शिंतोडे इकडेतिकडे उडालेले असतात. मूल गरम पाण्यात बळाने धरले गेले तर चित्र याच्या उलट : हातमोजा किंवा पायमोजा घातल्यासारखी सरळ रेषेत संपणारी भाजलेली कड, दोन्ही पायांवर सारखी खोली, शिंतोडे जवळपास नाहीत. बादलीच्या गार तळाला टेकलेले कुल्ले किंवा तळवे, आणि घट्ट मुडपलेल्या गुडघ्यांमागची, जांघेतली कातडी तेवढी वाचते. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात प्रौढाची कातडी पाच सेकंदांत खोल भाजते. मुलाची त्याहून लवकर. बादलीत टाकलेला विजेचा रॉड पाणी याच्याही वर नेतो, म्हणून मूल स्वतः बादलीत पडले असण्याची शक्यता उपनगरांतल्या घरांत खरोखर असते. मात्र आपणहून पडलेले मूल हात मारते, धडपडते, बादली कलंडते. भाजलेल्या कडा तेव्हा वेड्यावाकड्या येतात.

विडी-सिगारेटचा मुद्दाम दिलेला चटका आठ-दहा मिलिमीटरचा, गोल, खोलगट आणि कडा उचललेला असतो. मूल जळत्या टोकाला चुकून घासले तर खूण लांबट, उथळ, एका बाजूला शेपटी काढलेली. याच ठिकाणी एका साध्या त्वचारोगाने अनेकांना फसवले आहे. पावसाळ्यात मुलांच्या अंगावर येणारे पुवाचे फोड फुटले की तळाशी गोल, लालसर, खपलीदार जागा राहते आणि ती चटक्यासारखी दिसते. फरक बरे होताना कळतो : फोडांची खूण विरते, चटक्याचा व्रण राहतो.

फसवणाऱ्या खुणांचे प्रकरण महाराष्ट्रात खरोखर समृद्ध आहे. सर्वांत नेहमीची खूण म्हणजे भारतीय बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर जन्मतः असणारे निळसर-करडे डाग. ते दुखत नाहीत, दोन दिवसांत रंग बदलत नाहीत, काही वर्षांत आपोआप पुसट होतात. परदेशांत स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांना शाळेतल्या परिचारिकेपुढे याच डागांचे स्पष्टीकरण द्यावे लागते. दुसरा बिब्बा. दृष्ट लागू नये म्हणून तो बाळाच्या मनगटाला, पाळण्याला बांधतात, पोटदुखीवर, सांधेदुखीवर त्याचे तेल लावतात. हे तेल कातडीला लागले की काळपट तपकिरी डाग उठतो, त्यावर बारीक फोड येतात, खाज सुटते आणि मूल खाजवते तिथे नखांनी आणखी डाग उमटतात. न्यायवैद्यकाच्या भारतीय ग्रंथांत बिब्ब्याचा उल्लेख खोटी जखम बनवण्याचे साधन म्हणून येतो. खोट्या फिर्यादीसाठी त्याचा उपयोग होई. मुलांच्या बाबतीत तो बहुधा निष्पाप उपचार असतो. मुक्या मारात फोड व खाज नसते आणि कडा इतकी ठसठशीत नसते, एवढे ध्यानात ठेवले तरी गोंधळ टळतो.

तिसरा प्रकार अवघड आहे, कारण त्यात खूणही खरी आणि इजाही खरी. अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देतात. त्याला डंबा देणे म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये सिमोरी गावातल्या २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर असे ६५ चटके आढळले. चटके देणाऱ्यांचा हेतू बाळ वाचवण्याचा असतो. हेतूने जखम हलकी होत नाही, कायद्यानेही नाही, पण चौकशीची दिशा बदलते : अशा घरात बाळाला धोका रागाचा नसून आजाराला उशिरा मिळणाऱ्या उपचाराचा असतो. आदिवासी पट्ट्यातून मुंबईच्या वस्त्यांत आलेल्या कुटुंबांबरोबर अशा रीती येऊ शकतात, म्हणून उपनगरातल्या डॉक्टरलाही त्या माहीत हव्यात.

मृतदेहावर आणखी एक चकवा असतो. मुंग्या आणि झुरळे ओठ, पापण्या, मनगट येथे कातडी कुरतडतात. खरचटल्यासारखे तपकिरी, कोरडे पट्टे दिसतात. जिवंतपणीच्या ओरखड्यात रक्ताचा ओघ आणि सूज असते, यात नसते.

हाडांच्या बाबतीत अंदाजापेक्षा यांत्रिकी अधिक बोलते. तान्ह्या बाळाच्या बरगड्या लवचीक असतात. पाठीच्या कण्याजवळ त्या मोडल्या असतील तर बाळाची छाती दोन हातांत धरून दाबली गेली असण्याची शक्यता मोठी. हृदय बंद पडल्यावर दिलेल्या दाबाने त्या जागी फ्रॅक्चर क्वचितच होते. लांब हाडाच्या टोकाशी, वाढीच्या कूर्चेलगत, एक पातळ चकती सुटते. ती हातपाय झटक्याने ओढल्या-पिळल्याने सुटते आणि चांगल्या क्ष-किरणांत कोपऱ्यावरच्या कपचीसारखी दिसते. फुप्फुसासाठी काढलेल्या छातीच्या एकाच फोटोत हे सगळे हुकते. म्हणून दोन वर्षांखालच्या मुलावर संशय असेल तर सर्व हाडांचे स्वतंत्र क्ष-किरण काढायचे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. ताजी बरगडी पहिल्या दिवशी दिसत नाही. भरताना तिच्याभोवती नवे हाड धरते तेव्हा दिसते. नवीन हाडाची पहिली रेघ साधारण आठवडा-दहा दिवसांत उमटते, त्यामुळे ‘काल पडला’ या हकिकतीशी भरत आलेले हाड जुळत नाही. पण मूल रुग्णालयातून घरी गेले की दोन आठवड्यांनी त्याला परत आणणे, हे आपल्याकडचे सर्वांत अवघड पाऊल आहे.

हाडे मोडण्याला आजारही कारण असतो. मुडदूस झालेल्या मुलाची मनगटे रुंदावतात, हाडांची टोके फुगीर व फणीसारखी दिसतात. काळोख्या खोल्यांत वाढणाऱ्या मुलांत तो शोधायलाच हवा. जन्मजात ठिसूळ हाडांच्या आजारात डोळ्यांचा पांढरा भाग निळसर असतो, घरात आणखी कोणाला तोच त्रास असतो. कॅल्शियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व यांच्या चाचण्या आणि काही वेळा जनुकीय तपासणी झाल्याशिवाय मत देणे घाईचे. अंगभर काळेनिळे डाग असतील तर रक्त गोठण्याच्या चाचण्या, प्लेटलेट आणि रक्ताचा कर्करोग नाही ना, हे आधी.

डोक्याची इजा हा या शास्त्रातला सर्वांत प्राणघातक आणि सर्वांत वादग्रस्त भाग. ब्रिटिश न्यूरोसर्जन नॉर्मन गथकेल्च यांनी १९७१ मध्ये मांडले, की बाळाला जोराने हलवल्याने बाहेर काहीही न दिसता मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव होऊ शकतो. त्यातून मेंदूभोवतीचे रक्त, डोळ्याच्या पडद्यावरचे रक्त आणि मेंदूची सूज अशी तीन लक्षणांची जोडणी रूढ झाली, आणि काही न्यायालयांत ती तीन लक्षणे म्हणजेच गुन्हा असे समीकरण बनले. गथकेल्च यांनीच उतारवयात या समीकरणाला आक्षेप घेतला. अमेरिकेच्या बालरोग संघटनेने २००९ मध्ये कारण गृहीत धरणारे जुने नाव सोडून व्यापक नाव सुचवले; स्वीडनच्या आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापन संस्थेने २०१६ मध्ये या तीन लक्षणांवरून कारण ठरवण्यामागचा पुरावा तोकडा असल्याचे सांगितले. बालरोगतज्ज्ञांच्या अनेक संघटनांना तो निष्कर्ष मान्य नाही. वाद शमलेला नाही, पण बरगड्या, मानेचे अस्थिबंध, अंगावरच्या खुणा आणि हकिकत यांचा जोड नसताना केवळ या तीन लक्षणांवर कोणाला तुरुंगात पाठवू नये, एवढे सहज म्हणता येते.

भारतात या सावधगिरीला एक खास कारण आहे. जन्मानंतर के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन न मिळालेल्या, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला दोन आठवडे ते तीन महिन्यांच्या वयात अचानक मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. घरी किंवा लहान प्रसूतिगृहात जन्मलेल्या बाळाच्या कागदावर त्या इंजेक्शनची नोंद आहे का, हे पाहायला दोन मिनिटे लागतात. ही दोन मिनिटे एखाद्या आईची पोलीस कोठडी वाचवतात. ग्लुटारिक अ‍ॅसिड साचण्याचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजारही असेच चित्र उभे करतो. तपासणीसाठी बाळाला मोठ्या बाल-रुग्णालयात पाठवावे लागते.

लैंगिक अत्याचाराच्या संशयात नियम जवळजवळ उलटा होतो. तिथे खूण नसणे हे काही न घडल्याचे लक्षण नाही. अमेरिकेत २००४ मध्ये ३६ गर्भवती किशोरवयीन मुलींची तपासणी झाली. संबंध झाल्याची निश्चित खूण फक्त दोघींत आढळली. त्या भागातील जखमा लवकर आणि पूर्ण भरतात. सायकलच्या दांड्यावर किंवा मोरीच्या कडेवर पाय फाकून पडल्याने होणारी इजा बाहेरच्या भागात, पुढच्या बाजूला, एकीकडे जास्त असते. आतला भाग बहुधा वाचतो. सप्टेंबर २०२१ मध्ये बर्लिनमधल्या एका भारतीय दाम्पत्याने सात महिन्यांच्या मुलीला अशाच भागातल्या जखमेसाठी रुग्णालयात नेले आणि तिथल्या बालकल्याण यंत्रणेने तिला ताब्यात घेतले. फेब्रुवारी २०२२ मध्ये फौजदारी चौकशी आरोप न ठेवता बंद झाली. जून २०२३ मध्ये कुटुंब न्यायालयाने अपघाताची हकिकत नाकारून ताबा यंत्रणेकडेच ठेवला. हे विरोधाभासी वाटते, पण फौजदारी गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, मुलाच्या सुरक्षिततेचा निर्णय संभाव्यतेवर घेतला जातो. जखमेची तीच कागदपत्रे दोन्हीकडे जातात. भारतातही पोलीस तपास आणि बालकल्याण समिती या दोन स्वतंत्र वाटा आहेत. एका वाटेवर पुरावा पुरला नाही म्हणून दुसरी आपोआप बंद होत नाही.

कायद्याचा सांगाडा थोडक्यात असा. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ नुसार लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्या कोणालाही, डॉक्टरलाही, पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा. कलम २७ नुसार मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करायची असते. निव्वळ शारीरिक मारहाणीसाठी इतकी थेट सक्ती नाही. तेथे बाल न्याय कायदा, २०१५ चे कलम ७५ आणि रुग्णालयातली एमएलसीची, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून नोंद करण्याची, जुनी वहिवाट यांवर काम चालते. काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल २४ तासांत बालकल्याण समितीपुढे जाते. मुंबईतून १९९६ मध्ये सुरू झालेली मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आजही सर्वांत ओळखीचा क्रमांक आहे. मार खाणारे मूल आणि मार खाणारी आई एकाच घरात असतात, हे महापालिकेच्या वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली सेहत संस्थेबरोबर सुरू झालेल्या, हिंसा सोसणाऱ्या महिलांसाठीच्या ‘दिलासा’ केंद्राने जवळून पाहिले; बाईवर फेकलेली वस्तू कडेवरच्या मुलाला लागते. अशा वेळी आईने हकिकत लपवली म्हणून तिला आरोपी समजणे हा दुहेरी अन्याय होईल.

उशिरा रुग्णालयात येणे हे संशयाचे लक्षण मानले जाते. ते एकटे घेऊ नये. दोघे कामाला जाणारे पालक रात्री आठ वाजता घरी पोहोचतात. आजीने हळद लावलेली असते. हाडवैद्याने पट्टा बांधलेला असतो. ‘पोलीस केस होईल’ ही भीती सार्वत्रिक असते. उलट बाजूने, मुलुंड-अंधेरीच्या टॉवरमधल्या, इंग्रजी नीट बोलणाऱ्या पालकांच्या मुलाची हकिकत खासगी नर्सिंग होममध्ये फारशी तपासली जात नाही. झोपडीतल्या मुलावर संशय जास्त आणि टॉवरमधल्या मुलावर कमी, ही यंत्रणेची सवय आहे, शास्त्राचा निष्कर्ष नाही. एकच प्रश्नावली सगळ्यांना लावणे हा त्यावरचा साधा उपाय.

या साऱ्या साधनांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे पहिल्या तासात लिहिलेली हकिकत. घाटकोपरला ती गुजरातीत येते, साकीनाक्याला भोजपुरी वळणाच्या हिंदीत, भांडुपला कोकणी वळणाच्या मराठीत; केसपेपरवर मात्र ‘पडल्याची हकिकत’ एवढी एक इंग्रजी ओळ उरते. कोण बोलले, कोणासमोर, किती वाजता, कोणत्या शब्दांत. शेवटचे दूध कधी प्यायले. शेवटचे हसते-खेळते कोणी पाहिले. दुसऱ्या पालकाने वेगळे काय सांगितले. हे शब्दशः लिहिले असेल तर दोन दिवसांनी बदललेली हकिकत बदललेली म्हणून दाखवता येते. चार-पाच वर्षांचे मूल स्वतः सांगू शकते. त्याला एकदाच, पालकांपासून दूर, ‘काय झालं?’ एवढेच मोकळे विचारावे, ‘बाबांनी मारलं का?’ असे नव्हे. फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढावेत.

मूल दगावले तर पोलीस अपमृत्यूची नोंद करतात आणि देह शवविच्छेदनाला जातो. शस्त्र लावण्याआधी सर्व हाडांचे क्ष-किरण, नंतर मानेचा मागचा भाग उघडणे, डोळ्यांची तपासणी आणि मेंदू घट्ट करून मगच कापणे, हा क्रम पाळला नाही तर दुसरी संधी मिळत नाही. नळाला दोन तास पाणी येणाऱ्या वस्त्यांत पिंप-बादल्या भरून ठेवलेल्या असतात, आणि रांगते मूल त्यात डोके खाली पडून बुडते. हा अपघात खराच घडतो. दुर्लक्ष कोठे संपते आणि गुन्हा कोठे सुरू होतो, हे ठरवणे डॉक्टरचे काम नाही. बुडण्याखेरीज अंगावर दुसरे काही आहे का, हे सांगणे त्याचे आहे.

मत लिहिताना भाषा मोजून वापरायची असते. ‘मारहाणीने झालेली जखम’ असे एका वाक्यात लिहिण्यापेक्षा, सांगितलेल्या हकिकतीने ही जखम स्पष्ट होते की नाही, कोणत्या प्रकारच्या बलाने ती होऊ शकते, कोणते आजार तपासून बाजूला काढले आणि कोणते तपासता आले नाहीत, हे क्रमाने लिहिलेले मत उलटतपासणीत टिकते. इंग्लंडमध्ये १९८७ साली मिडल्सबरोच्या भागात एका शारीरिक चिन्हावर अवाजवी भर देऊन १२१ मुलांवर लैंगिक अत्याचाराचे निदान झाले. बहुतेक मुले पुढे घरी परत पाठवावी लागली, आणि १९८८ च्या चौकशी अहवालाने एका खुणेवरून निदान न करण्याचा दंडक घालून दिला.

एका मुलाविषयी संशय पक्का झाला की त्या घरातल्या दोन वर्षांखालच्या दुसऱ्या मुलाचीही तपासणी, क्ष-किरणांसह, याच क्रमाने होते, त्याच्या अंगावर काही दिसत नसले तरी. जुळ्यांच्या बाबतीत हे टाळता येत नाही. त्यांच्यात न दिसणारे फ्रॅक्चर सापडण्याचे प्रमाण इतर भावंडांपेक्षा जास्त आढळले आहे.